कर लेआउटचा, मत वावराच्या गावात: एका सधन वॉर्डाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. ग्रामपंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणाच्या निमित्तानं माझं या भागात जाणं-येणं असतं. २०२२ च्या निवडणुकीनंतर तिथल्या लेआउटच्या, म्हणजे वावरं अकृषक करून प्लॉट पाडलेल्या वस्तीच्या, रहिवासी समितीनं मतदार यादी समजून घ्यायला बोलावलं, तेव्हापासून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. विदर्भात तालुक्याच्या गावांना लागून अशा वस्त्या झपाट्यानं वाढत आहेत. म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावची नगरपरिषद हद्द एका नाल्यापाशी संपते. नाल्याच्या अलीकडे शहर आणि पलीकडे ग्रामपंचायत. नव्वदच्या दशकापर्यंत पलीकडे काळ्या मातीची वावरं होती. त्यांत कापूस आणि तूर पिकायची. सगळ्यात आधी शिक्षकांच्या गृहनिर्माण संस्थेनं एक वावर घेऊन अकृषक करून घेतलं. मग रस्त्यालगतची एकेक जमीन लेआउटमध्ये गेली. नगरपरिषदेपेक्षा घरपट्टी कमी, प्लॉट मोठे आणि बाजारपेठ दहा मिनिटांवर. ज्यांची ऐपत होती त्यांनी इथेच घर बांधलं.

आज त्या वस्तीत डॉक्टर, कृषी केंद्रवाले, अडते, ठेकेदार, बँकेचे अधिकारी आणि निवृत्त मुख्याध्यापक राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही एकाच थराची वस्ती वाटते, पण तशी ती नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून मुलांच्या शाळेसाठी आलेली कुणब्यांची बागायतदार घरं आहेत आणि व्यापाऱ्यांची घरंही आहेत. एक अख्खी गल्ली बौद्ध शिक्षक आणि सरकारी कर्मचाऱ्यांची आहे. बंजारा समाजातून नोकरीला लागलेल्यांची घरंही बरीच आहेत. शिवाय मागच्या बाजूच्या खोल्यांमध्ये भाडेकरू राहतात. ग्रामीण रुग्णालयातल्या नर्स, बँकेतले तरुण कारकून, आयटीआयची पोरं. लेआउटबद्दल बोलताना या भाडेकरूंचा विचार कोणीच करत नाही.

जुनं गावठाण इथून अर्धा किलोमीटरवर आहे. तिथे कुणबी, तेली आणि माळी घरं आहेत, बौद्ध वस्ती आहे, गावाच्या टोकाला तांडा आहे. लेआउटमधल्या घरांत धुणीभांडी आणि स्वयंपाक करायला बाया गावठाणातूनच येतात. गवंडी, इलेक्ट्रिशियन, दूधवालाही तिथलेच. रोज एकमेकांची तोंडं बघणारी ही दोन गावं पंचायतीच्या कामात मात्र एकमेकांना अनोळखी होती.

तीन निवडणुका

सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते. ही पंचायत ३००१ ते ४५०० च्या टप्प्यात बसत असल्यामुळे तिला ११ सदस्य. वॉर्ड दोन किंवा तीन सदस्यांचे असतात. लेआउट आणि गावठाणाची वरची आळी मिळून तीन सदस्यांचा एक वॉर्ड झाला.

२०१२ ची निवडणूक ही निम्म्या जागा महिलांना मिळाल्यानंतरची इथली पहिली. तेव्हा सरपंच सदस्यांमधून निवडला जायचा. लेआउटमधून कोणी उभंच राहिलं नाही. तिन्ही जागा वरच्या आळीत गेल्या, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही. विहिरीला पाणी होतं, घरं कमी होती.

२०१७ मध्ये सरपंच थेट मतदारांनी निवडायची पद्धत आली. लेआउटला वाटलं, आता आपला माणूस येईल. एक निवृत्त मुख्याध्यापक उभे राहिले. शांत, सरळ आणि हिशेबात चोख माणूस. लेआउटमधल्या प्रत्येक घरात त्यांचा मान होता. निकाल लागला तेव्हा त्यांची मतं लेआउटच्या घरांच्या संख्येइतकीही भरली नाहीत. लोकांनी फुटीरांना दोष दिला.

मधल्या काळात, २०२० मध्ये, थेट निवड रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा लागू झाली. त्या डिसेंबरच्या निवडणुकीत लेआउटनं वॉर्डाच्या तिन्ही जागांवर उमेदवार दिले. मतदान १८ डिसेंबरला होतं, रविवार होता, म्हणजे नोकरीची सबब नव्हती. तरीही तिन्ही उमेदवार पडले. त्यातल्या एकाचा अर्ज तर छाननीतच अडचणीत आला होता. कराचं मागणी बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत रक्कम भरली नाही तर सदस्यत्वाला अपात्रता येते, हे त्यांना माहीत नव्हतं. पावती सापडली म्हणून निभावलं.

समस्या

निकालानंतर लेआउटमध्ये जे बोललं जात होतं ते थोडक्यात असं: पंचायतीच्या घरपट्टीतला मोठा वाटा आमचा, पण नाली नाही, रस्ता लेआउट पाडणाऱ्यानं केला तेवढाच, आणि ओपन स्पेसवर, म्हणजे लेआउटमध्ये सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर, कचरा टाकला जातो. या तक्रारीत तथ्य होतं. पंचायतीच्या दप्तरातली नमुना ८ ची घरपट्टी आकारणी यादी पाहिली की कर कुठून येतो ते स्पष्ट दिसतं. पण त्यामागे आणखी एक सूर होता, तो मला खटकला. पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या वस्तीसाठी खर्च करावे लागतात. ‘आमचा पैसा तिकडे जातो’ असं काही जण उघड म्हणत. हे म्हणणाऱ्यांच्या शेजारच्याच गल्लीत बौद्ध कर्मचाऱ्यांची घरं होती, आणि ती माणसं हे ऐकत होती. पुढे समितीच्या बैठकींना त्या गल्लीतलं कोणी बराच काळ आलं नाही. त्याचं कारण इथे होतं.

गावठाणाची बाजू एका ज्येष्ठ माजी सदस्यानं दोन वाक्यांत सांगितली. “तुमचं मत वावराच्या गावात, अन् नाली आमच्या गावात पाह्यजे. असं कसं जमन भाऊ?”

हे वाक्य समितीला झोंबलं. पण यादी घेऊन घरोघर फिरल्यावर कळलं की त्या माणसाचं म्हणणं बरोबर होतं. लेआउटमधल्या कर्त्या माणसांपैकी निम्म्याहून कमी नावं या गावच्या यादीत होती. उरलेली चार ठिकाणी विखुरली होती. सगळ्यात जास्त नावं मूळ गावी होती, म्हणजे जिथे वावर आणि भावकी आहे तिथे. काही नाल्याच्या अलीकडे नगरपरिषदेच्या यादीत, कारण आधी तिथे भाड्यानं राहिले होते. काही नागपूर-अमरावतीला. आणि लग्न होऊन आलेल्या सुनांपैकी अनेकींची नावं अजून माहेरीच. भाडेकरूंपैकी तर जवळजवळ कोणाचंच नाव इथे नव्हतं.

उलटही होतं. प्लॉट घेऊन घर न बांधता पुण्याला राहणाऱ्यांची, घर विकून गेलेल्यांची आणि वारलेल्यांची नावं यादीत तशीच होती. म्हणजे यादीतल्या लेआउटच्या नावांपैकी बरीच मतदानाला येणंच शक्य नव्हतं. २०१७ ला कोणी फुटलं नव्हतं. मतं तिथे नव्हतीच.

दुसरा घोळ घर क्रमांकांचा होता. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी बनत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती वॉर्डनिहाय फोडतात. नावापुढचा पत्ता पाहून कोण कोणत्या वॉर्डात ते ठरतं. लेआउटमध्ये लोक ‘प्लॉट नं.’ लिहितात, पंचायतीच्या दप्तरी घर क्रमांक वेगळा असतो, आणि यादीत कित्येकांपुढे नुसती रेघ. परिणामी एका अख्ख्या गल्लीची मतं भलत्याच वॉर्डात गेली होती. प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकत घेऊन हे दुरुस्त करता येतं, पण ती यादी कोणी पाहिलीच नव्हती.

तिसरी गोष्ट लोकसंख्येची. संविधानाच्या कलम २४३ग प्रमाणे सदस्य आणि लोकसंख्या यांचं प्रमाण सगळीकडे शक्य तितकं सारखं हवं, आणि लोकसंख्या म्हणजे आकडे प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना. ती २०११ ची. समजा गावची लोकसंख्या ४४०० आणि सदस्य ११, तर एका सदस्यामागे ४०० माणसं आणि तीन सदस्यांच्या वॉर्डात १२००. २०११ ला लेआउटच्या अर्ध्या जागेवर वावर होतं. त्यामुळे त्या प्रगणक गटात, म्हणजे जनगणनेत एका प्रगणकाला मोजायला दिलेल्या भागात, माणसंच कमी मोजली गेली. आज वस्ती कितीही वाढली तरी कागदावर तेव्हाचीच माणसं. म्हणून वॉर्ड पुरा करायला वरची आळी जोडावी लागते. बौद्ध गल्लीतली घरंही बहुतेक २०११ नंतरची आहेत. अनुसूचित जातीच्या जागांचा हिशेब त्याच जुन्या आकड्यांवर होतो, आणि त्यात ती बसत नाहीत.

समोरचे मार्ग

पहिला मार्ग नगरपरिषदेत जाण्याचा. हद्दवाढ राज्य शासनाच्या हातात, वर्षानुवर्षं चालणारी, आणि त्यात घरपट्टी वाढणार. शिवाय गावठाणाचं उत्पन्नच निघून जाणार. समितीतल्या एका डॉक्टर ताईंनी विचारलं, “ज्या घरातून आपल्याकडे रोज माणूस कामाला येतो, त्या घरापुढचा रस्ता मग कोण करणार?” त्यावर कोणी उत्तर दिलं नाही, पण ठरावही झाला नाही.

दुसरा, वॉर्डाच्या सीमांवर हरकत. हा मार्ग निवडणुकीच्या आधी प्रभाग रचनेचं प्रारूप जाहीर झाल्यावरच खुला होतो. हरकतीची सुनावणी उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे होते. तिथेही आज किती घरं आहेत हा मुद्दा टिकत नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात सोपा दिसत होता आणि सगळ्यात धोक्याचा होता. एका ठेकेदारानं भर बैठकीत सांगितलं की जेवढे प्लॉटधारक तेवढे अर्ज भरू, कागदपत्रांचं मी बघतो. बाहेरगावचे मालक मतदानाला गाड्या करून आणू. बैठकीचा कल त्याच्याकडे झुकला होता. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले एक काकाजी उठले आणि १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम २० त्यांनी समजावून सांगितलं. मतदार होण्यासाठी माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी असावा लागतो. नुसतं घर किंवा जागा मालकीची असून भागत नाही. खोटं निवेदन दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद. ठेकेदार म्हणाला, सगळेच करतात. काकाजी म्हणाले, “करत असतीन. सही माही राह्यणार नाही.” प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच. हात वर करून मत घेतलं आणि ठेकेदाराचा प्रस्ताव थोड्या फरकानं पडला.

मग उरला चौथा मार्ग: जे खरोखर इथे राहतात त्यांनी स्वतःचं नाव इथे आणावं आणि ग्रामसभेला जावं. हळू चालणारा आणि कंटाळवाणा, पण दुसऱ्याच्या परवानगीवर न अडणारा.

काय केलं

मतदार यादीतलं नाव दुसरीकडून इथे आणायला निवडणूक आयोगाचा नमुना ८ भरावा लागतो (पंचायतीच्या आकारणीचा नमुना ८ वेगळा), नव्या नावासाठी नमुना ६. कागद अवघड नव्हता. अवघड होती माणसांची भीती. मूळ गावातून नाव काढलं तर सातबाऱ्यावर परिणाम होईल का, हा प्रश्न घरोघर आला. होत नाही, जमिनीच्या नोंदीचा मतदार यादीशी संबंध नाही. सेवा सहकारी सोसायटीतलं सभासदत्व जाईल का? तेही नाही, ते शेअर आणि जमिनीवर चालतं. तरी माणसं कचरत होती. मूळ गावच्या सरपंचपदाच्या लढाईत भावकीला एकेक मत मोलाचं असतं, आणि ‘आता तू शहरातला झाला’ हे ऐकून घ्यायची तयारी नसते. हे ओझं मी हलकं मानत नाही. ज्या गावात बाप-आजा राहिले तिथलं आपलं नाव स्वतःच्या हातानं कमी करणं सोपं नसतं.

बायकांनी ही कोंडी फोडली. भजनी मंडळातल्या काहीजणी आधी पुढे आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वावराच्या गावी नवरा जातो, आम्ही बारा महिने इथे असतो, पाण्याची मोटर बंद पडली की आम्हालाच कळतं. रहिवास माणसागणिक ठरतो, कुटुंबागणिक नाही. त्यामुळे नवऱ्याचं नाव तिकडे राहून बायकोचं इकडे येण्यात बेकायदा काही नव्हतं. माहेरच्या यादीत असलेल्या सुनांची नावं याच लाटेत आली. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी, म्हणून काम पाहणाऱ्या बाईंनी पडताळणीसाठी संध्याकाळची वेळ दिली, कारण दुपारी कोणी दार उघडत नसे. आता वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे त्यांतल्या कोणत्याही तारखेला १८ पूर्ण असतील तर नाव लागतं. नव्यानं १८ पूर्ण करणाऱ्या मुलांना त्याचा फायदा झाला.

नावं वगळण्याच्या कामात दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा क्षण आला. वारलेल्यांची आणि कायमचे गेलेल्यांची नावं नमुना ७ भरून कमी करायची, यावर वाद नव्हता. मग कोणीतरी तांड्याचा विषय काढला. तांड्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात, काही वीटभट्टीवर जातात, आणि चार-सहा महिने घराला कुलूप असतं. ‘पुण्यातल्या प्लॉटधारकांची नावं काढायची तर यांचीही काढा, नियम सगळ्यांना सारखा’ असा आग्रह सुरू झाला. अर्ज लिहूनही झाले होते.

नियम सारखाच आहे, पण तो नीट वाचावा लागतो. तेच कलम २० सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास संपत नाही. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब पावसाळ्याआधी परत येतं. घर इथे, रेशन इथे, म्हातारी माणसं इथे. पुण्यात फ्लॅट घेऊन राहणाऱ्याचं फक्त खरेदीखत इथे. दोघांना एका मापानं मोजणं अन्यायाचं झालं असतं, आणि ज्यांना नोटीस वाचून हरकत घ्यायला वेळही मिळणार नाही त्यांच्यावर ते पडलं असतं. मी हे बैठकीत शक्य तितक्या स्पष्टपणे मांडलं. बौद्ध गल्लीतले एक निवृत्त शिक्षक त्या दिवशी पहिल्यांदा आले होते. त्यांनी लिहिलेले अर्ज मागून घेतले, एकेक नाव वाचून दाखवलं आणि प्रत्येक घर आज कुठे आहे ते सांगितलं. अर्ज फाडले गेले. त्यानंतर ती गल्ली समितीत आली.

घर क्रमांकांचं काम ग्रामसेवकाबरोबर बसून पूर्ण केलं. प्लॉट क्रमांक, आकारणीतला क्रमांक आणि यादीतला पत्ता एका वहीत समोरासमोर मांडले. याला फार वेळ लागला, त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही.

ग्रामसभेची बाब वेगळी. गावच्या मतदार यादीत नाव असलेलाच ग्रामसभेचा सदस्य. नाव नसताना बोलायला उभं राहिलेल्या लेआउटच्या माणसाला याआधी खाली बसवलं गेलं होतं, आणि ते नियमाला धरून होतं. आता नावं आल्यावर बायकाच जास्त संख्येनं जाऊ लागल्या. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. आधी ती भरत नसल्यानं सभा तहकूब व्हायची. आता भरू लागली, हे गावठाणातल्या लोकांनीही बोलून दाखवलं.

निष्पत्ती

वॉर्डातली एक महिला जागा मध्येच रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. लेआउटमधून एक ताई उभ्या राहिल्या, वरच्या आळीतून एक. लेआउटच्या ताई पुन्हा पडल्या, या वेळी थोडक्यात. लेआउटमधलं मतदान आधीच्या कोणत्याही निवडणुकीपेक्षा चांगलं झालं. निवडून आलेल्या सदस्या प्रचारात पहिल्यांदाच लेआउटच्या दारोदार आल्या होत्या, आणि निकालानंतरही आल्या. ओपन स्पेसचं कुंपण आणि एका बाजूची नाली ग्रामपंचायत विकास आराखड्यात आली. नालीचं काम सुरू झालं, पण शेवटच्या गल्लीपर्यंत अजून पोचलेलं नाही.

काही कुटुंबांनी नाव आणलंच नाही. ठेकेदार समितीतून बाहेर पडला. त्यानं आणलेले काही अर्ज पडताळणीत बाद झाले.

वेगळं काय करता आलं असतं

समितीनं गावठाणाशी बोलणं खूप उशिरा सुरू केलं. पहिलं वर्ष सगळं लेआउटच्या आतच चाललं, त्यामुळे नावं वाढवण्याच्या मोहिमेकडे गावठाणानं चढाई म्हणून पाहिलं. वरच्या आळीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांना पहिल्याच बैठकीला बोलावलं असतं, तर यादी दोघांनी मिळून तपासता आली असती. तांड्याचा विषयही तिथे त्या रूपात निघाला नसता.

भाडेकरू सुटले. नर्स आणि कारकून मुलं तीन-चार वर्षं सलग इथे राहतात, कायद्यानं त्यांचं नाव इथे लागू शकतं. घरमालकांनी भाडेकरूला पत्त्याचा पुरावा द्यायला हात आखडला. मला यात समितीचा कमकुवत दुवा दिसतो: इतरांच्या यादीतल्या चुका शोधताना स्वतःच्या अंगणातला मतदार त्यांनी मोजला नाही.

उमेदवार निवडतानाही तेच. २०१७, २०२२ आणि पोटनिवडणूक, तिन्ही वेळा लेआउटनं आपलाच माणूस हवा असं धरलं. ज्या वॉर्डात वरची आळी आहे, तिथे तिच्यातली लायक बाई पाठिंबा देऊन निवडून आणता आली असती. त्यावर बैठकीत नीट चर्चाच झाली नाही.

पुढची तयारी आता दोन तारखांभोवती आहे. जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. जनगणना माणसाला तो राहतो तिथे मोजते, मत कुठे आहे ते विचारत नाही. त्यामुळे मूळ गावी नाव ठेवलेल्यांचीही इथे मोजणी होईल आणि बौद्ध गल्ली पहिल्यांदा आकड्यांत दिसेल. पण नवे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वॉर्ड जुन्याच आकड्यांवर पडतील, आणि पंचायतीची मुदतही त्याच वर्षाच्या शेवटी संपते. म्हणून समितीनं लेआउटच्या प्रत्येक गल्लीची घरनिहाय वही आणि २०११ च्या प्रगणक गटांचा नकाशा एकत्र ठेवला आहे. प्रभाग रचनेचं प्रारूप लागेल त्या दिवशी वरच्या आळीतले दोघं आणि लेआउटमधले दोघं मिळून तहसीलमध्ये जाऊन ते तपासतील, असं दोन्ही बाजूंनी ठरवलं आहे.